रिपोर्टवर आलंय ते फक्त आडनाव

पत्र:

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

मी अकरा वर्षं घरच्या घरी पाळणाघर चालवते. सध्या चौदा मुलं आहेत, दीड ते पाच वर्षांची. डिसेंबरात आठवडाभरात सहा मुलांना उलट्या-जुलाब झाले. त्यातल्या एका दोन वर्षांच्या मुलाच्या आईने मोठ्या दवाखान्यात शौचाची तपासणी केली. रिपोर्टमध्ये ‘नोरोव्हायरस’ आला. मार्चमध्ये पुन्हा पाच मुलं आजारी पडली, त्यातली तीन तीच. त्या मुलाचा रिपोर्ट पुन्हा ‘नोरोव्हायरस’. आता पालकांच्या ग्रुपवर रोज काहीतरी येतं. एक म्हणतात, एकदा होऊन गेला तर परत कसा होईल, म्हणजे विषाणू तुमच्या घरातच मुरलाय. दुसरे म्हणतात, आम्ही रोटाव्हायरसच्या लशीचे डोस दिलेत, तरी कसं झालं? त्या मुलाची चार वर्षांची बहीणही माझ्याकडेच येते, तिला दोन्ही वेळा काहीच झालं नाही, त्यावरूनही बोलणी ऐकली. एका वडिलांचं म्हणणं, कोणाच्या मुलाने आणला हे शोधायला जनुकीय तपासणी करू, खर्च मी देतो. मी दिवसातून तीनदा फिनाइलने पुसते, दारात सॅनिटायझर ठेवलाय, पाणी उकळून देते. अजून काय करू? आणि त्या मुलाला परत घ्यायचं की नाही, हेही सांगा. रात्री झोप लागत नाही.

— एक पाळणाघरवाली, पुणे

उत्तर:

ताई, झोपेचं आधी बघू. मुलं आजारी पडणं आणि तुमचं काही चुकणं या दोन गोष्टी तुमच्या ग्रुपवर एकच होऊन बसल्या आहेत, त्या वेगळ्या करायला हव्यात. चुकलं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. सॅनिटायझर आणि फिनाइलबद्दल पुढे बोलतो, तिथे थोडं ऐकून घ्यावं लागेल. पण ‘विषाणू तुमच्या घरात मुरलाय’ हा आरोप मात्र बहुतेक चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा, हे कळायला या विषाणूचं घराणं पाहावं लागतं.

रिपोर्टवर ‘नोरोव्हायरस’ लिहिलंय ते आडनाव समजा. गावात ‘पाटील येऊन गेले’ म्हटलं तर आपण लगेच विचारतो, कुठले पाटील? डिसेंबरात आलेले आणि मार्चमध्ये आलेले दोघेही पाटील असले, तरी ते एकच गृहस्थ होते असं कोण छातीठोकपणे सांगेल? शास्त्रज्ञांनी या घराण्याच्या आतापर्यंत दहा शाखा मांडल्या आहेत, जी-१ ते जी-१०. त्यांना जीनोग्रुप म्हणतात. माणसांना त्रास देणाऱ्या त्यातल्या मोजक्याच, आणि त्यांतही जी-२ आणि जी-१ या दोघांचाच मुख्य उपद्रव. प्रत्येक शाखेत पुन्हा निरनिराळे जीनोटाइप, म्हणजे पोटशाखा. २०१९ मध्ये जी नवी वर्गवारी प्रसिद्ध झाली, तिच्यात एकूण जवळपास पन्नास जीनोटाइप नोंदवले आहेत. म्हणजे तुमच्या पालकांनी ‘तोच’ म्हटलेला पाहुणा पन्नासेक जणांच्या खानदानातला आहे.

आणि हे खानदान साधं नाही. नोरोव्हायरसचा जनुकीय मजकूर आरएनएच्या एका धाग्यावर असतो, साडेसात हजारांच्या आसपास अक्षरांचा. धाग्याच्या एका भागात विषाणूची नक्कल काढणाऱ्या यंत्राची कृती, दुसऱ्यात बाहेरच्या कवचाची. नक्कल काढताना चुका होतात आणि त्या दुरुस्त करणारं कोणी नसतं. त्यातून कवच हळूहळू बदलत जातं. याहून मोठा घोटाळा म्हणजे एकाच पोटात दोन वेगवेगळे नोरोव्हायरस एकाच वेळी शिरले, तर दोन भागांच्या सांध्यावर अदलाबदल होऊ शकते: कवच याचं, यंत्र त्याचं. म्हणून आता प्रत्येक विषाणूला जोड नाव देतात, कवचाचं वेगळं, यंत्राचं वेगळं. आपल्याकडे मुली लग्नानंतर दोन्ही आडनावं लावतात ना, देशपांडे-कुलकर्णी, तसंच. फक्त इथे माहेर-सासर दोन्ही बदलत राहतं.

हे सगळं परदेशातलं, असं समजू नका. तुमच्याच शहरात पाषाणला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा मोठा परिसर आहे. त्या संस्थेने २००५ नंतरच्या काही वर्षांत पुणे, नागपूर आणि औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) इथल्या दवाखान्यांत जुलाबांसाठी आलेल्या लहान मुलांच्या शौचाचे नमुने तपासले होते. तेव्हाही जी-२ चं प्राबल्य दिसलं, पण जी-२ मधलेही एक नव्हे, निरनिराळे प्रकार सापडले, आणि जोड-आडनावाचेही. एकाच राज्यातल्या मुलांच्या पोटांत इतकी मंडळी एकाच काळात नांदत होती.

यातला सगळ्यात खोडकर जी-२.४, म्हणजे जी-२ शाखेतला चौथ्या क्रमांकाचा जीनोटाइप. जगभर नोरोव्हायरसच्या साथी मोजल्या तर गेल्या काही दशकांत सगळ्यात जास्त वेळा याचंच नाव येतं. याचं कवच दर दोन-चार वर्षांनी असं बदलायचं की आधीच्या आजारातून मिळालेली प्रतिकारशक्ती त्याला ओळखेनाशी व्हायची. त्याच्या प्रत्येक नव्या अवताराला ज्या गावात किंवा भागात तो ओळखला गेला त्याचं नाव चिकटलं: फार्मिंग्टन हिल्स २००२, हंटर २००४, डेन हाग २००६, न्यू ऑर्लिन्स २००९, सिडनी २०१२. सिडनीनंतर लोक नव्या अवताराची वाट पाहत बसले, आणि या पठ्ठ्याने कवच बरंचसं तेच ठेवून यंत्र बदललं. दरम्यान २०१४-१५ च्या हिवाळ्यात चीन आणि जपानमध्ये जी-२.१७ नावाचा वेगळाच भाऊबंद अचानक पुढे आला. लहान मुलांत आणखी एक, जी-२.३, वारंवार दिसतो.

गावांच्या नावांवरून एक गोष्ट सांगतो, तुम्हाला जवळची वाटेल. १९६८ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉरवॉक नावाच्या छोट्या गावात, एका प्राथमिक शाळेत, एक-दोन दिवसांत निम्मी शाळा उलट्यांनी आडवी झाली. शिक्षकसुद्धा. मुलांनी घरी नेला, घरचेही पडले. चार वर्षांनी, १९७२ मध्ये, विषाणूशास्त्रज्ञ आल्बर्ट कापिकियन यांनी त्याच साथीतल्या नमुन्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे बारके गोल कण पाहिले. ‘नॉरवॉक विषाणू’ असं नाव पडलं आणि पुढे त्याचंच ‘नोरो’ झालं. विषाणू त्याच्या आधीही जगात होताच, तिथे तो पहिल्यांदा पकडला गेला एवढंच. पण गावाचं नाव कायमचं लागलं. ज्याच्याकडे सापडतो त्याच्या माथी मारायची ही सवय या विषाणूइतकीच जुनी आहे. केरळचंही तेच. २०२१ मध्ये वायनाडच्या पशुवैद्यक महाविद्यालयात आणि २०२३ च्या जानेवारीत कोचीजवळ काक्कनाडच्या शाळेत नोरो सापडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आणि ‘केरळात काहीतरी आलंय’ म्हणून मोकळे झालो. माझं मत विचाराल तर केरळात तो जास्त आहे असं नाही. तिथे शोधतात.

आता मूळ प्रश्न, एकदा झाला तर परत कसा? पेरूची राजधानी लिमाच्या वस्तीत जन्मापासून मुलांचा माग ठेवून केलेल्या अभ्यासात दिसलं की एकाच मुलाला नोरो पुन्हापुन्हा होतो, पण त्याच जीनोटाइपचा दुसऱ्यांदा होणं विरळ. होतो तो बहुधा वेगळ्या जीनोटाइपचा. म्हणजे शरीर शिकतं, पण एका वेळी एकच नाव शिकतं. आठ देशांत चाललेल्या अशाच एका अभ्यासात, ज्यात आपलं वेल्लूरही होतं, दोन वर्षांची होईपर्यंत दहांतल्या जवळपास नऊ मुलांना निदान एकदा तरी नोरोची लागण झालेली होती. त्यातल्या प्रत्येकाला आजार दिसलाच असं नाही. तेव्हा तुमच्याकडच्या त्या मुलाची ‘इम्युनिटी कमी’ नाही, आणि तुमची फरशीही अपवादाने घाण नाही. त्याच्या आईलाही हे सांगा, तिच्या मनात हा विचार नक्की आला असणार.

एक शक्यता मात्र लपवणार नाही. पीसीआर, म्हणजे विषाणूच्या जनुकीय मजकुराचे अंश शोधणारी तपासणी, फार तिखट असते. मूल बरं झाल्यावरही कित्येक आठवडे त्याच्या शौचात विषाणूचे अंश येत राहतात, अगदी लहान मुलांत त्याहूनही जास्त दिवस. त्यामुळे मार्चचा रिपोर्ट डिसेंबरच्या उरल्यासुरल्या अंशांचा असेल आणि मार्चचा आजार भलत्याच कोणाचा असेल, हेही होऊ शकतं. तिन्ही महिने एकच विषाणू तुमच्या सतरंजीवर दबा धरून बसला होता, ही शक्यता मी सगळ्यात शेवटी ठेवीन.

रोटाच्या डोसांचं उत्तर सोपं आहे. रोटा वेगळा, नोरो वेगळा, दोघांचं नातं नाही. रोटाची लस चांगलीच आहे, ती राष्ट्रीय लसीकरणात दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना देतात, आणि तिच्यामुळे गंभीर जुलाबांनी दवाखान्यात भरती होणारी मुलं कमी होतात. पण पाटी पुसली की खालचं अक्षर दिसू लागतं. अमेरिकेत रोटाची लस रुळल्यावर डॉक्टरांपर्यंत येणाऱ्या मुलांच्या जुलाब-उलट्यांत नोरो पहिल्या नंबरवर आला. नोरोची लस अजून बाजारात नाही. बाळांसाठीच्या एका लशीत जी-१.१ आणि जी-२.४ अशा दोघांची कवचं घातली होती, ती २०२४ मध्ये चाचणीत अपेक्षेला उतरली नाही. पन्नासांच्या घराण्यात दोघांचे फोटो चिकटवून पहारा ठेवायचा, काम अवघडच होतं.

बहिणीला काही झालं नाही, याची गंमत आहे. नोरोव्हायरस आतड्याच्या अस्तरावरच्या ठरावीक शर्करांना धरून आत शिरतो. त्या शर्करा बनवणारं एफयूटी-२ नावाचं जनुक काही माणसांत चालत नाही, युरोपात साधारण पाचांत एकाचं. अशा माणसांना जी-२.४ सकट बरेच नोरोव्हायरस सहसा लागत नाहीत. सख्ख्या भावंडांत एकाला हे दार असतं, दुसऱ्याला नसतं. तिच्या बाबतीत हेच घडलं असं मी इथे बसून सांगू शकत नाही. कदाचित तिला लागण होऊन लक्षणंच आली नसतील, तीही शांतपणे विषाणू बाहेर टाकत असेल. पण ‘मुलीला होत नाही, मुलालाच होतो, म्हणजे ताई मुलाकडे लक्ष देत नाहीत’ असा काही सूर असेल, तर त्यात अर्थ नाही.

त्या वडिलांच्या तपासणीच्या प्रस्तावाला माझा साफ नकार कळवा. दवाखान्यातल्या हजारो रुपयांच्या पॅनलमध्ये (एकाच नमुन्यात बरेच जंतू शोधणारी तपासणी) नोरो आहे की नाही एवढं कळतं, फार तर जी-१ की जी-२. जीनोटाइप काढायला जनुकीय क्रमवारी वाचावी लागते, ते संशोधन संस्थांचं आणि साथ शोधणाऱ्या सरकारी पथकांचं काम. समजा काढलाच आणि पाचही मुलांत एकच निघाला, तरी ती एकाच साखळीतली असावीत इतकंच कळेल. पहिलं कोण, हे कळणार नाही. लक्षणं दिसायच्या आधीपासून मूल विषाणू टाकायला लागतं, काहींना लक्षणंच येत नाहीत, आणि आणणारा एखादा बाबाच असेल, ज्याला ऑफिसात ‘जरा पोट बिघडलंय’ इतकंच वाटलं. उपचार तर कोणताही जीनोटाइप असो, एकच. त्या वडिलांना खर्च करायचाच असेल तर त्यांना हातमोजे आणि ब्लीच आणून द्यायला सांगा. हे मी चेष्टेने म्हणत नाही.

आता तुमचं सॅनिटायझर. नोरोला बाहेरचं तेलकट आवरण नसतं, म्हणून अल्कोहोल त्याला फारसं करत नाही. दारातल्या बाटलीने करोनात काम केलं, इथे ती खोटा दिलासा देते. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद, नखांच्या कोपऱ्यांसकट. विषाणू मरत नाही, पण धुऊन जातो. डायपर बदलल्यावर, शी धुतल्यावर, डबे उघडण्याआधी. फिनाइलने वास जातो, नोरो जाईलच असं नाही. त्याला लागतं क्लोरीन.

घरगुती ब्लीचच्या बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट किती टक्के ते वाचा. ४ टक्के असेल तर लिटरभर पाण्यात २५ ते ३० मिली, रोजच्या पुसण्याला. जिथे उलटी किंवा जुलाब सांडले तिथे लिटरला १०० मिली. क्रम महत्त्वाचा: आधी मुलांना दुसऱ्या खोलीत न्या, खिडक्या उघडा, हातमोजे आणि मास्क घाला. सांडलेलं कागदाने टिपून पिशवीत बांधून टाका, जागा साबणाने धुवा, आणि मग ब्लीचचं पाणी पसरून निदान पाच मिनिटं तसंच ठेवा. घाणीवरच ब्लीच ओतलं तर ते घाणीशी लढण्यातच संपतं. नुसती पडलेली जागा नको, आजूबाजूचे दोन-तीन मीटर पुसा, कारण उलटीचे बारीक तुषार उडतात आणि आजार व्हायला वीसेक कणही पुरतात असा अंदाज आहे. द्रावण रोज ताजं करा. आणि मोरीतल्या अॅसिडमध्ये किंवा टॉयलेट क्लीनरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. मदतनीस मावशींना हे स्वतः दाखवून सांगा, बाटली मुलांच्या हाताला येणार नाही अशी ठेवा. तोंडात जाणारी खेळणी ब्लीचनंतर साध्या पाण्याने धुवून उन्हात. मऊ भालू-ससे साथीच्या दिवसांत कपाटात, बिचारे.

पाणी उकळता ते छान, चालू ठेवा. पण तुमच्याकडे पाण्यापेक्षा हातांवरून जास्त पसरतंय, असं मला पत्रावरून वाटतं. डायपर बदलायची जागा आणि डबे उघडायची जागा यांत अंतर आहे का, ते पाहा. आणि तुम्हाला किंवा मावशींना स्वतःला उलट्या झाल्या, तर थांबल्यावर ४८ तास स्वयंपाकाला आणि भरवायला हात लावायचा नाही. हे तुम्हालाच सगळ्यात जड जाईल. अकरा वर्षांत तुम्ही एकही सुट्टी घेतली नसेल, खात्री आहे.

मूल तुमच्याकडे असताना उलट्या सुरू झाल्या तर घरच्यांना फोन लावा आणि तोवर ओआरएस. पाकीट पूर्ण, पाकिटावर लिहिलंय तितक्याच पाण्यात. मोठं पाकीट लिटरभर पाण्यासाठी असतं, ते ग्लासात चिमूट-चिमूट टाकून देऊ नका, प्रमाण बिघडतं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने. ओआरएससारखं नाव लावून विकली जाणारी गोड पेयं नकोत, त्यात साखर जास्त असते आणि जुलाब वाढतात. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ लिहायलाच मनाई केली. घरी आईचं दूध, मऊ भात, वरण चालू राहू द्या. सहा महिन्यांपुढच्या मुलाला जुलाबांत डॉक्टर १४ दिवस झिंक देतात, ते तीन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडू नये. नोरोवर अँटिबायोटिक काही करत नाही. मोठ्यांच्या जुलाब थांबवायच्या गोळ्या लहानांना अजिबात नाहीत. सहा-आठ तास शू नाही, डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं, शौचात रक्त, हिरवी उलटी, किंवा पोटात काहीच टिकत नाही, यातलं काहीही दिसलं तर पालकांची वाट न पाहता दवाखाना.

ग्रुपवर वाद घालू नका. एकच निरोप टाका, हवा तर हाच:

“आपल्याकडे दोनदा पोटाच्या संसर्गाची साथ आली. डॉक्टरांशी बोलले. या विषाणूचे बरेच प्रकार आहेत, एकदा झाला तरी दुसरा होऊ शकतो, आणि रोटाची लस याच्यासाठी नाही. आजपासून साबणाने हात धुणं आणि ब्लीचने सफाई सुरू करत आहे. उलटी किंवा जुलाब झालेलं मूल, ते थांबून ४८ तास पूर्ण होईपर्यंत घरी ठेवावं. घरात मोठ्या कोणाला झालं असेल तर तेही कळवावं. कोणाचं नाव ग्रुपवर घेऊ नये.”

शेवटची ओळ पाळली जाईल याची मला खात्री नाही, पण लिहिलेली बरी. ४८ तासांच्या नियमाला नोकरी करणाऱ्या आया कुरकुरतील. त्यांची अडचण खरी आहे, रजा कुठून आणणार? ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत आणि ज्यांच्या नाहीत, त्यांनी आपसांत दोन दिवसांची सोय लावता येते का ते बोलावं, एवढं सुचवा. फक्त बरं होत असलेलं मूल दुसऱ्या चिमुकल्यांच्या घरी नको.

त्या मुलाला परत घ्या. शेवटचा जुलाब होऊन दोन दिवस झाले की घ्या. त्याच्या शौचात विषाणू अजून काही आठवडे येईल, पण तो तसा आजारी पडलेल्या इतर मुलांच्याही येत असेल, ज्यांची तपासणी कोणी केलेली नाही. म्हणून डायपर बदलतानाचे हातमोजे आणि साबण सगळ्यांसाठी सारखे, फक्त त्याच्यासाठी वेगळे नकोत. दोन वर्षांचं पोर आहे, आपल्याला बाजूला काढलंय हे त्याला कळतं. आणि तुमच्या प्लॅस्टिकच्या चेंडूंची टोपली असेलच, सगळ्या पाळणाघरांत असते. ती या रविवारी अंगणात उलटी करून एकेक चेंडू धुवायला काढा.